व्यासपीठावरून न घेतलेलं नाव

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या घरी मराठीच बोलतात, पण ती ऐकून पुण्याकडचा माणूस गोंधळतो. आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. आता वाक्य मराठी आणि त्यातले निम्मे शब्द कन्नड. माझी कामावरची मैत्रीण पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा आई तिला म्हणाली, “ऊटा झाला का तुझा? नाही तर बस, सुम्ने लाजू नको.” तिनं माझ्याकडे पाहिलं. दारात उंट आला की काय, अशा चेहऱ्यानं. मी समजावलं, ऊटा म्हणजे जेवण आणि सुम्ने म्हणजे उगाच. मग ती हसत पाटावर बसली.

ती कराडची. आम्ही दोघी एकाच वर्षी इथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागात लागलो. डॉक्टर लोक रुग्णांची मोजमापं आणून देतात, त्यांतून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही हे सांगायचं, ते आमचं काम. समोरासमोर दोन टेबलं होती. घराबाहेर मराठीत बोलायला मला तोवर कुणी नव्हतंच. माझं बोलणं ती दिवसभर दुरुस्त करायची, आणि मी तिला बसमध्ये पुरेल एवढं कन्नड शिकवलं.

तिसऱ्या वर्षी आम्ही मेटगळ्ळीच्या कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास हाती घेतला. त्यांच्या श्वासाची ताकद एकदा मोजायची आणि वर्षानं पुन्हा मोजायची. दुसऱ्या खेपेला बरेच जण आलेच नाहीत. न आलेल्यांची मोजमापं अंदाजानं भरून काढायची सूत्रं आमच्या शास्त्रात आहेत. मी ती लावायला घेतली, तर ती म्हणाली, “थांब की. आधी त्यांना विचारू या ना, का आला नाहीत म्हणून.”

मग कितीतरी रविवार आम्ही यादी घेऊन मेटगळ्ळीच्या आसपासच्या गल्ल्या फिरलो. कुणी काम बदललं होतं, कुणी गावी गेलं होतं. लेथ यंत्रावर काम केलेला एक वयस्क कामगार दारातच बसला होता. मी कन्नडमध्ये विचारलं तेव्हा तो म्हणाला, “अम्मा, तुमची तपासणी तिसऱ्या मजल्यावर. तिथं चढून येण्याएवढा दम असता तर तपासायचं काय होतं?”

मी त्याचं बोलणं मराठीत सांगितलं तेव्हा ती तिथल्याच कट्ट्यावर बसली. ज्यांचा दम खरोखर गेला होता तेच आमच्या हिशेबातून गळले होते. आम्ही यंत्र उचलून त्यांच्या घरोघरी नेलं आणि सगळं गणित पुन्हा मांडलं. तोच आमचा निबंध. कल्पना तिची, हे मी तेव्हाही जाणत होते.

आमच्या संघटनेच्या वार्षिक परिषदेत तरुण संशोधकांसाठी एक पुरस्कार असतो. निबंध कितीही जणांचा असला तरी मांडायचा एकानंच. “तू बोल,” ती म्हणाली. “मला वर उभं केलं की पायच कापतात.” महिनाभर ती मागच्या बाकावर बसून परीक्षकांसारखे खवचट प्रश्न विचारत राहिली. कोइमतूरला परिषदेत मी निबंध मांडला, तेव्हा परीक्षकांचा एकही प्रश्न मला नवा नव्हता.

समारोपाच्या संध्याकाळी माझं नाव पुकारलं. दोन मिनिटं बोलायला सांगितलं. मी विभागप्रमुखांचे आभार मानले, आईवडिलांचे मानले, कामगारांचेही मानले, आणि टाळ्या सुरू झाल्या म्हणून खाली उतरले. शेवटच्या पायरीवर लक्षात आलं की तिचं नाव राहिलं. ती दाराशी उभी होती. मी जवळ गेले तशी तिनं मानचिन्ह हातात घेतलं आणि म्हणाली, “जड आहे गं.” बाकी काही नाही. जेवताना तिनं दहीभात वाढून घेतला आणि चमचा नुसता फिरवत बसली. मला वाटलं, लागलंय हिला. लोक अभिनंदन करत होते, मी हसत होते आणि मनात म्हणत होते, उद्या गाडीत बोलू.

सकाळी उठले तर तिची बॅग भरलेली. “पहाटे फोन आला. बाबांना पक्षाघाताचा झटका आलाय. मी इथूनच निघते.” मी तिला रिक्षात बसवून दिलं. त्या वेळी ते बोलणं बरं दिसलं नसतं.

ती परत आलीच नाही. महिन्याभरात राजीनामा आला. वडिलांचं सगळं अंथरुणात करावं लागत होतं, हे कारण मला ठाऊक होतं, तरी आतून वाटत राहिलं की एवढंच नाही. सुरुवातीला मी फोन करायची. दर वेळी ठरवायची, आज सांगून टाकायचं. मग बाबांची तब्येत विचारायची, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या आणि मी फोन ठेवून द्यायची. हळूहळू फोन दिवाळीपुरते झाले. वडील गेल्याचंही मला उशिरा कळलं. ती कराडलाच एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवू लागली होती. इथं तिच्या टेबलावर नवे लोक आले, गेले. चांगले होते. पण एखादा किचकट निबंध हाती आला की मी अजून मान वर करून समोर बघते.

यंदा परिषद म्हैसूरला भरली आणि पुरस्कार समितीत मी होते. परीक्षक म्हणून ये, असं मी तिला कळवलं. तिचं उत्तर आलं: “आईला एकटं सोडता येत नाही. छान होऊ दे तुमचं.” ‘तुमचं’ हा शब्द मी बराच वेळ बघत बसले.

पुरस्कार एका रायचूरकडच्या मुलीला मिळाला. तिनं माइक हातात घेतला आणि सगळ्यात आधी तिच्याबरोबर गावोगाव फिरलेल्या मैत्रिणीचं नाव घेतलं. “तिला उभं राहू दे, सर्वांना दिसू दे,” असं म्हणाली. चौथ्या रांगेतली एक लाजाळू मुलगी उठली. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत नेलं होतं. ते सगळे मठात मूर्ती बघायला गेले. मी बाहेरच्या पायरीवर बसले आणि कराडला फोन लावला.

“बोल गं. झाली का परिषद?”

“झाली. तुला एक सांगायचं होतं. दहा वर्षं राहिलंय.”

“सांग ना.”

“कोइमतूरला बक्षीस घेताना मी तुझं नाव घेतलं नाही. सगळ्यांचं घेतलं आणि तुझंच राहिलं. तू दाराशी उभी राहून ऐकत होतीस...”

“अगं, मी आत नव्हतेच. तुझं नाव पुकारलं आणि तेवढ्यात आईचा फोन आला, बाबा पडले म्हणून. मी व्हरांड्यात गेले. परत आले तर तू पायऱ्या उतरत होतीस.”

“पण तू तर म्हणालीस, पहाटे फोन आला.”

“सकाळपर्यंत गाडी नव्हती. तुला सांगून काय झालं असतं? तुझी ती संध्याकाळ तेवढी गेली असती.”

ती चमचा फिरवत बसली होती तेव्हा तिचे वडील दवाखान्यात होते, आणि मी तिच्या चेहऱ्यावर माझाच अपराध वाचत होते. त्या अपराधामुळं मी तिच्या सगळ्यात कठीण वर्षांत तिच्यापासून लांब राहिले.

“मला वाटायचं, तू कामात बुडालीस,” ती म्हणाली. “म्हणून मीही फोन करायचे नाही.” आणि मग, “खरं सांगू? आत्ता ऐकून थोडं लागलं. नाव घ्यायला हवं होतंस.”

“हो. हवं होतं.”

“बरं, आता रडू नको तिथं. लोक बघतील.”

तेव्हापासून आम्ही रविवारी बोलतो. परिषदेतल्या त्या मुलीचा निबंध मी तिला पाठवला, तर चौथ्या दिवशी त्यावर तीन पानं भरून शंका आल्या, पूर्वीसारख्याच खवचट. मी त्या मुलीला धाडून दिल्या, माझ्या मैत्रिणीच्या नावासकट. परत ये, असं मी एकदा बोलून पाहिलं. “आता नाही गं,” ती म्हणाली. “ते माझं सुटलं.” तिच्या आवाजात दुःख नव्हतं. ते माझ्याकडेच होतं. टेबलापलीकडून ती दिवसभर माझं मराठी दुरुस्त करायची, तसं आता पुन्हा होणार नाही, हे रविवारच्या अर्ध्या तासात दर वेळी नव्यानं कळतं.

“तूच ये एकदा इकडे,” ती परवा म्हणाली. “आईलाही बघायचंय तुला.” तिच्याबरोबर इतक्या गल्ल्या हिंडले, पण कराड मी कधी पाहिलेलं नाही. तिच्या महाविद्यालयाच्या परीक्षा संपल्यावरच्या आठवड्याची रजा मी मागितली आहे.