बारा सतराचं बारसं

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि माझ्या पहिल्या नातीच्या बारशाला मी उशिरा पोचलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसता, तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

आमच्या सुनेचं, पूजाचं, माहेर गारगोटीच्या पलीकडं एका वाडीत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसंही तिकडंच. आम्ही कोल्हापुरातनं जायचं आणि आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, एवढाच कार्यक्रम. अडचण एकच, की आत्या म्हणजे आमची स्वाती मेलबर्नच्या दवाखान्यात नर्स!

"पप्पा, रजा मिळंना, पण व्हिडिओवरनं नाव मीच सांगणार," स्वाती फोनवर म्हणाली. "त्या दिवशी संध्याकाळी पाच ते साडेपाच माझा ब्रेक हाय. मैत्रिणीच्या हातापाया पडून घेतलाय. अमितच्या लग्नाला न्हाय आले, डोहाळजेवणाला न्हाय आले. एवढं तरी माझ्या हातनं होऊ दे."

"तुझे पाच म्हणजे आमचे किती, ते माझ्यावर सोड," मी म्हणालो.

"अवो, तिलाच इचारा की!" आमची ही स्वयंपाकघरातनं ओरडली.

इचारा म्हणे! घरात भूगोलाचा मास्तर असताना पोरीला वेळ विचारायची? उद्या आचाऱ्याच्या घरी डबा लावाल! मी फोन ठेवला, कागद घेतला आणि गणित मांडलं. मेलबर्न एकशे पंचेचाळीस रेखांशावर. कोल्हापूर चौऱ्याहत्तर अंश पंधरा मिनिटांवर. एका अंशाला चार मिनिटं. फरक चार तास त्रेचाळीस मिनिटं. तिकडं पाच, तर इकडं बारा वाजून सतरा मिनिटं!

"बारा सतरा?" अमित म्हणाला. (हा माझा मुलगा. इंजिनीअर आहे, पण स्वभावानं बरा आहे.) "पप्पा, असली वेळ कधी असती व्हय? फोनमध्ये बघू का?"

"फोनला रेखांश कळतात का?" मी गरजलो.

फोनला कळतात, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी मी सगळ्या पाहुण्यांना निरोप धाडला: नाव बरोबर बारा सतराला, सोळा नाही, अठरा नाही. व्याह्यांना तर दोनदा सांगितलं. त्यांचं दूध-दुभत्याचं काम. गडी हिशेबी, पण शब्दाला कमी. ते फक्त "बरं, बरं" म्हणाले. मला वाटलं, माणूस भारावून गेला!

आता प्रवास. तिथं गारगोटीवरनं वळसा घालून जातात. अडाणी लोक! आमच्या बैठकीत जिल्ह्याचा जुना नकाशा फ्रेम करून लावलाय. त्यात मला वाडीकडं जाणारी एक तुटक रेघ सापडली. पट्टी लावली, दोन सेंटिमीटर. खाली छापलेलंच होतं, एक सेंटिमीटर बरोबर पाच किलोमीटर. म्हणजे दहा किलोमीटर, अर्धा तास! मी खिळ्यावरनं फ्रेम उतरवली आणि काचेसकट मांडीवर घेऊन गाडीत पुढं बसलो.

"देवाचा फोटू न्हेल्यागत काय बसलायसा!" ही मागनं म्हणाली.

मी दोघांचे फोन मागून घेतले आणि स्वतःच्या खिशात घातले. नकाशा असताना बाईच्या आवाजातलं "डावीकडे वळा" मला खपणार नव्हतं.

सव्वाअकराला आम्ही तुटक रेघेवर लागलो. रेघ कागदावर जेवढी तुटक होती, त्याच्यापेक्षा जमिनीवर जास्त होती. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, बाजूला चर, मागं वळायला जागा नाही. अमित पहिल्या गिअरमध्ये दातओठ खात होता.

बरोबर साडेअकराला खिशात फोन वाजला. स्वाती!

"पप्पा, कुठं हायसा? बाळ दाखवा की!"

"अगं, अजून पाऊण तास आहे! ब्रेकच्या आधी फोन करतेस, नोकरी घालवशील! ठेव!"

"पप्पा, आत्ताच तर..."

ठेवला. मीच ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजल्यावर मी सगळे फोन बंदच करून टाकले.

"अवो, पोरगी काय म्हणतीया, ऐका तरी!"

"तिला शिस्त नाही! मी भूगोल शिकवलेला एवढ्या वर्षांत विसरली!"

दहा किलोमीटर झाले. वाडी नाही. पंधरा झाले, वाडी नाही. "पप्पा, नक्की दहाच?" अमित विचारत होता आणि मी नकाशाला नाक लावून बघत होतो. तेव्हा एका कोपऱ्यात मला कोल्हापुरातल्या झेरॉक्सवाल्याचा शिक्का दिसला आणि घाम फुटला. फ्रिज आणि दार यांच्या मधल्या भिंतीवर बसावा म्हणून मी तो नकाशा त्याच्याकडनं निम्मा करून आणला होता! नकाशा आक्रसला आणि "एक सेंटिमीटर बरोबर पाच किलोमीटर" ही अक्षरं जशीच्या तशी राहिली! नकाशा लहान केला तर शब्दातलं प्रमाण चुकतं, हा प्रश्न मी नववीला दरवर्षी घातलाय. चुकलेल्या पोरांना अख्खा तास उभंही केलंय.

मी ते कोणाला सांगितलं नाही. फ्रेम तेवढी पालथी केली.

तरी वाडीत पोचलो तेव्हा बारा पंधरा झाले होते. दोन मिनिटं हातात! मी छाती काढून मांडवात शिरलो आणि घड्याळ उंच धरलं.

"या पावणं!" व्याही म्हणाले. "हात धुवा, पंगत बसलीया."

"पंगत? आणि नाव?"

"ठेवलं की! मीरा."

"कोणी ठेवलं?" माझा आवाज चढला. "आत्या कुठाय? बारा सतरा व्हायच्यात अजून!"

"आत्यानंच. अकरा चाळीसला. तुमी फोन कापलासा, मग तिनं आमच्या पूजाला लावला. पोरगी रडाय लागलीती वो. मी इचारलं, तुज्याकडं किती वाजल्यात? म्हणाली पाच वाजून धा मिनिटं. म्हटलं, मग थांबायचं कशाला? सासरची मंडळी मागनं जेवतील, आत्या मागनं कुठनं आणू?"

एवढंच! रेखांश नाहीत, गुणाकार नाही, तुज्याकडं किती वाजल्यात! मला भयंकर राग आला. मेलबर्नला म्हणे आता उन्हाळा, आणि उन्हाळ्यात तिथं घड्याळ तासभर पुढं ढकलतात. घड्याळ आहे की कपाट? आणि अमितनं सगळ्यांसमोर सांगितलं, की घड्याळं गावाच्या रेखांशावर नाही, देशाच्या प्रमाणवेळेवर चालतात. हे मला सांगतोय! प्रमाणवेळेचा धडा मी बत्तीस वेळा शिकवलाय!

मग पूजानं तिच्या फोनवरचं चित्रण दाखवलं. पाळण्याशी धरलेला फोन, त्यात गणवेशातली माझी पोर, डोळे पुसत "कुर्रर्र, मीरा" म्हणतीय. माझा राग तिथंच मेला. तिच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं मी खाल्ली होती. आणखी वीस खाल्ली असती, तर मला जन्मभर तोंड दाखवायला जागा उरली नसती. व्याह्यांचे हात धरावेसे वाटले, पण ते वाढप्याला आमटी आणायला सांगत होते.

"एकच ऱ्हायलं," विहीणबाई म्हणाल्या. "नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत धपाटं घालायचं. फोनला कसं घालणार?"

माझी बायको पदर खोचत पुढं आली. "धपाटं ऱ्हायल्यात व्हय? मग ही पाठ घ्या की. आत्याच्या बाचीच हाय!"

पहिला धपाटा तिनंच घातला आणि माझी नजर सवयीनं घड्याळावर गेली. बरोबर बारा वाजून सतरा मिनिटं! गणित माझं कुठंच चुकलं नव्हतं, कार्यक्रम कुठला ते तेवढं मला माहीत नव्हतं.