हिरोच्या पुढचा गडी

आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात एक आडदांड गडी होता, पण मी जायची ती झुलपं उडवत चढाई करणाऱ्या हिरोला पाहायला. हिरो बाद झाला की हा समोरच्या कुणाला तरी कवेत घेऊन आपटायचा, म्हणजे हिरो पुन्हा आत. टाळ्या मात्र मी हिरोलाच वाजवायची. अक्कल तेव्हा वेणीत गुंडाळून ठेवली होती.

पुढे तुमसरकडे दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत गर्दीचा लोंढा अंगावर आला. कडेवर माझी लेक. तोच गडी, आता पोट सुटलेला, हात पसरून आडवा उभा राहिला आणि आम्ही मायलेकी वाचलो. आभार मानायचे सोडून मी विचारलं, “तुमचा तो हिरो कुठं रायते आता?”

“माह्या मांगंच हाय न, बाई.”

वाकून पाहिलं. टक्कल पडलेला हिरो त्याच्या आडोशाला निवांत भजी खात होता.