विहिरीवरची घरटी

सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यामुळे आमच्या नांदगाव खंडेश्वराकडचा कापूस भलत्याच भावाने जाऊ लागला होता. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. माझ्या बाबांनी मात्र अमरावतीच्या बाजारातून माझ्यासाठी एक छापील पुस्तक आणलं, आणि पुस्तकामागोमाग अकोल्याचा एक मास्तर. गाव हसलं. पोरीला मास्तर म्हणजे म्हशीला झूल, असं लोक म्हणाले. मी एकुलती एक होते. शिकवायला घरात दुसरं कोणी नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

पुस्तकात पशुपक्ष्यांचे धडे होते आणि प्रत्येकाच्या शेवटी यावरून काय शिकावे ते सांगितलेलं असायचं. मुंगीपासून उद्योग शिकायचा. पण तीच मुंगी गुळाच्या मडक्यात शिरली की माझी विधवा आत्या तिला चोरटी म्हणायची. कोंबडा पहाटे उठवतो म्हणून शहाणा, आणि आमचा कोंबडा तर भर दुपारीही आरवायचा. मास्तरांना विचारलं तर ते म्हणायचे, पुस्तकातला कोंबडा धर. मला काही कळेना. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून छापलेलं सगळं त्यांना खरं वाटायचं. रोज सांजेला ते माझ्याकडून धडा ऐकायचे आणि मान डोलवायचे.

त्याच वर्षी पावसाळ्यात चांदूरचं एक स्थळ निघालं. माझ्यासाठी नव्हे, बाबांसाठी. माझ्यानंतर मायला मूल झालं नव्हतं, आणि आता पैसा आला आहे तर वंशाला दिवाही आणा, असं आत्याने लावून धरलं होतं. बाबा वाईट नव्हते. त्यांचं काही ठरत नव्हतं, आणि ठरत नसलं की ते ज्याला त्याला विचारत सुटायचे. एक दिवस भाकरी थापता थापता मायने मला विचारलं, तुझ्या पुस्तकात नवरा-बायकोचं काही आहे का.

होतं. सुगरण पक्ष्याचा धडा होता. मादी मेहनतीने घरटं विणते, नर तिला चारा आणून देतो, दोघं एकमेकांना कधी सोडत नाहीत. माणसाने त्यांच्यापासून निष्ठा शिकावी. सांजेला मी तो खणखणीत वाचला. बाबांनी पुन्हा वाचायला लावला, आणि पुढे बरेच दिवस चांदूरचा विषय काढला नाही. माय काम करताना गुणगुणायला लागली. विद्या विद्या म्हणतात ती हीच, असं मला वाटलं आणि मी जरा फुगलेच.

घोळ मास्तरांनी घातला. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत होती. वाचलेलं डोळ्यांनी पाहावं, असं म्हणून त्यांनी मला रोज तिथे बसायला सांगितलं. ती घरटी आम्ही जन्मापासून पाहत होतो, पण विणतं कोण, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. विणत होता तो पिवळ्या डोक्याचा नर. मादी यायची, अर्ध्या घरट्याला चोच मारून पारखायची आणि पसंत नसलं तर चालती व्हायची. शेवटी एक राहिली. ती आत अंड्यांवर बसली, आणि तिचा नर शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं विणायला लागला. तिथे दुसरी मादी आली.

मास्तर म्हणाले, तू दोन नरांना एक समजलीस. मी त्यांना विहिरीवर नेऊन त्या नराच्या शेपटीचं तुटकं पीस दाखवलं. ते पागोटं सारखं करत म्हणाले, छापलेलं चूक कसं असेल. ते खरोखर गोंधळले होते, आणि मला त्यांची कीव आली.

सांजेला बाबांनी विचारलं, काय पाहिलंस. आता पुस्तकातला पहिलाच धडा खरं बोलण्याचा होता. खरं बोलावं तर सुगरणीचा धडा खोटा पडत होता, आणि तो राखावा तर मी खोटी पडत होते. माय चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं नाही. मी पाहिलं तेच सांगितलं.

आत्या हसली. बाबा म्हणाले, "म्हंजे पाखरातही हाय त. मंग त्यात खराब काय?"

पोळा झाला की चांदूरला जायचं ठरलं. मला रडू आवरेना. खरं बोलले होते, तरी माझ्याच हातून काहीतरी फुटल्यासारखं वाटत होतं, आणि पुस्तकात याचा धडा कुठेच नव्हता.

पोळा जवळ आला तेव्हा पहिल्या घरट्यातून पिल्लांचा चिवचिवाट यायला लागला. माय माझ्याबरोबर विहिरीवर आली आणि घागर बाजूला ठेवून वर पाहत राहिली. पिल्लांना चारा कोण आणतं, तिने विचारलं. मी म्हटलं, मादीच आणते, एकटी. सांजेला बाबा जेवून उठले तेव्हा आत्यासमोरच माय त्यांना म्हणाली, "पाखराले कोनी शिकवलं नाही. तुमी त पोरीले मास्तर ठेवला. पाखरावानीच वागाचं होतं, त काहून ठेवला?"

पोळा आला, गेला, पण चांदूरला जायला गाडी जुंपली नाही. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते, तोच मास्तर वळकटी खांद्यावर घेऊन अकोल्याच्या वाटेला लागले. बाबा म्हणाले, पुरे झालं शिकणं. ते माझ्याकडे न पाहता बोलत होते.

मी मायवर भडकले. स्वतःसाठी बोलता आलं, मग मास्तरांसाठी एक शब्द का नाही? ती डाळ पाखडत होती. सूप खाली ठेवून तिने सांगितलं की पोळ्याच्या सांजेला बाबांनी तिला बाजूला बोलावलं होतं. चांदूरही नको आणि मास्तरही नको, घरात एवढं शहाणपण मला झेपत नाही, असं ते म्हणाले होते.

"मास्तरासाठी बोलली असती, त बाबा चांदूरले गेले असते," माय म्हणाली. "मी नाही बोलली."

मी तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि मला तिचा राग येतच राहिला.