ड्रॉइंगमध्ये नसलेली सीट

परमेश्वराने ही सृष्टी घडवली तेव्हा इन्स्पेक्शनला आमचे मामेसासरे असते, तर सृष्टी आजही गोदामातच पडून राहिली असती. हिमालय एका बाजूने जास्त घासला गेलाय, चंद्रावर डाग आहेत, माणसाचे दोन्ही कान एका उंचीवर नाहीत, असे शेरे मारून त्यांनी सगळा माल परत पाठवला असता आणि वर देवालाच सुनावलं असतं, "भगवान, काम करना है तो ढंग से करो." जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात मामांनी उभा जन्म तपासणी खात्यात काढला. इतर माणसं रिटायर होताना शाल आणि घड्याळ घेऊन घरी येतात; मामा अख्खं तपासणी खातंच घेऊन आले. मामींनी ताटात टाकलेली पोळी ते आधी उजेडाकडे धरून पाहतात. कमानिया गेटला खोव्याची जिलबी घ्यायला गेले की कढईपाशी उभे राहून वेढे नीट पडतात की नाही यावर नजर ठेवतात. तिथला हलवाई त्यांना पाहताच विचारतो, "आइए साहब, आज पास करोगे कि फेल?" आणि मामा हे गंभीरपणे ऐकून घेतात, कारण हा प्रश्न विचारायलाच हवा असं त्यांचं मत आहे.

माझीही तपासणी झालेली आहे. मी मुलगी पाहायला नागपूरहून जबलपूरला आलो, तेव्हा पोहे खात असताना या गृहस्थांनी माझ्या खुर्चीभोवती एक सावकाश प्रदक्षिणा घातली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून जाहीर केलं, "टॉलरन्समधे आहे!" मला वाटलं, हे एखाद्या आजाराचं नाव असावं. उन्नीस-बीस असला तरी चालून जाईल, असा त्याचा अर्थ आहे हे बायकोने पुढे सांगितलं. मामांच्या तोंडून याहून मोठी स्तुती आजवर कोणाची निघाली नाही, हेही तिनेच सांगितलं. पुढे नोकरीत माझीही बदली जबलपूरला झाली, घर मामांच्या शेजारच्या गल्लीत मिळालं, आणि मी आयुष्यभराच्या तपासणीखाली आलो.

मामांकडे एक जुनी क्रूझर होती. बसकी, रुंद, सोफ्यासारखी मोटरसायकल. तिच्या मागच्या सीटला टेकायला पाठ होती, आणि ती सीट मामींची होती. दर रविवारी संध्याकाळी मामी इस्त्रीची साडी नेसून, पर्स काखेत मारून, पाटावर बसावं तशा सहज त्या सीटवर एका बाजूने बसायच्या आणि दोघं ग्वारीघाटला नर्मदेच्या आरतीला जायची. माझं लग्न झालं त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं. एखाद्या रविवारी ती गेली नाहीत, तर नर्मदेनेच निरोप पाठवून चौकशी केली असती.

मग मामा रिटायर झाले आणि जावयाने नको ते केलं, म्हणजे मी त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला. महिनाभरात त्यांनी त्यात एक गाडी शोधून काढली. मातीच्या गोल मैदानात शर्यती लावणाऱ्या ज्या गाड्या असतात ना, त्यांचं रस्त्यावर चालणारं भावंड. त्याला म्हणे स्ट्रीट ट्रॅकर म्हणतात. उंच, सडपातळ, रुंद सपाट हँडलची, आणि मागून शेपूट छाटल्यासारखी. "जावईबापू," फोन माझ्या नाकाशी धरून मामा म्हणाले, "ही आपली क्रूझर आहे ना, तिच्यात ही लपून बसली आहे. फालतू लोखंड तेवढं काढून टाकायचं." मी म्हटलं, मामा, या वयात? तर म्हणाले, "काहून? वय लोखंडाचं पाहायचं असते. माझं कोण पाहून राहिलं?"

अंगणातल्या शेडमध्ये काम सुरू झालं आणि आम्हाला कळलं की मामांच्या एका देहात तीन खाती नांदतात. सकाळी ते ड्रॉइंग ऑफिस असायचे. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून फोनमधल्या फोटोवरून माप न् माप उतरवायचे, तेव्हा मामींनी चहाचा कप त्यावर ठेवला तर घरात मोर्चा निघायचा. दुपारी जुनी खाकी घालून ते प्रॉडक्शन व्हायचे. ग्राइंडरच्या ठिणग्या उडायच्या, मागची लांब फ्रेम कापली जायची, वेल्डिंगचा वास आमच्या गल्लीपर्यंत यायचा. आणि संध्याकाळी आंघोळ करून, चष्मा बदलून, हात मागे बांधून इन्स्पेक्शन खातं शेडमध्ये शिरायचं. दुपारी स्वतःच केलेल्या वेल्डिंगकडे नाक मुरडून म्हणायचं, "किस गधे ने किया है ये?" आणि परत पाठवायचं. एकदा प्रॉडक्शनचा इतका अपमान झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी मामा शेडमध्ये गेलेच नाहीत. मामींनी समजूत घातली, तेव्हा कुठे संप मिटला. ड्रॉइंगमध्ये मात्र फेरफार करायचा अधिकार कोणत्याच खात्याला नव्हता. कारखान्यात तसंच असतं म्हणे. कागदावर जे आहे तेच लोखंडात उतरायचं, अक्कल चालवायची नाही. "ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग," हे वाक्य मामा उच्चारायचे, इतरांच्या घरी देवाचं नाव घेतात तसं.

शेवटी एका रविवारी तिन्ही खात्यांनी एकमताने गाडी पास केली. आम्ही नवराबायको पेढे घेऊन गेलो. खोटं कशाला बोलू, गाडी देखणी झाली होती. निळी टाकी, आखूड तपकिरी सीट, मागे सगळं मोकळं. मामांनी किक मारली तेव्हा ती अशी गुरगुरली की शेजारच्यांचं मांजर जे पळालं ते जेवायच्या वेळीच परत आलं. मामी तयार होऊन बाहेर आल्या. इस्त्रीची साडी, पर्स, वाऱ्यासाठी डोक्याला रुमाल. गाडीच्या मागे गेल्या, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"अहो, मी कुठं बसू?"

मामांनी खिशातून कागद काढला, उलगडला, एकदा सरळ आणि एकदा उलटा करून पाहिला. फोटोतल्या गाडीवर एकच धट्टाकट्टा पोरगा बसलेला होता, त्याच्या मागे कोणी नव्हतं, आणि तो फोटो मामांनी केसाइतकी चूक न करता उतरवला होता.

"ड्रॉइंगमधे तू नाहीस," मामा म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी प्रथमच ऐकला.

"बरं," मामी म्हणाल्या. "मग ड्रॉइंगलाच घेऊन जा ग्वारीघाटला." आणि रुमाल सोडून आत निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी शांतपणे कढीला फोडणी दिली.

मामा एकटेच गेले आणि पाऊण रस्त्यातून परत आले. मी अंगणातच होतो. त्यांनी गाडी बंद केली, पण उतरले नाहीत. "गाडी फर्स्ट क्लास चालून राहिली, जावईबापू. त्यात काही शंकाच नाही. पण मागं कोणी बोलूनच नाही राहिलं. कोणाच्या घराला रंग दिला, कोणाची पोरगी माहेरी आली, कोणत्या दुकानाला टाळं लागलं, सगळं ती सांगे. मी निस्ता रस्ता पाहत होतो हो, गाव तर तिनंच दाखवलं. आज रस्ताच रस्ता दिसला." एवढं बोलून त्यांनी नाक ओढलं आणि ते पेट्रोलच्या वासाने झालं असं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. तो डौलदार, छाटलेला मागचा भाग पुन्हा कापून मामांनी मागे लोखंड जोडलं, त्यावर जुन्या क्रूझरची मामींची सीट पाठीसकट बसवली. शर्यतीच्या घोड्यावर आरामखुर्ची बांधावी तसं ते दिसत होतं. गल्लीतले जाणकार हळहळले.

पण क्रूझर होती बसकी आणि ही बया उंच, आणि मामींचे गुडघे दुखरे. मामींनी एक पाय उचलून पाहिला, दुसरा उचलून पाहिला, "अगं माई!" म्हणून परत ठेवला. शेवटी मामांनी गाडी घराच्या ओट्याला खेटून लावली आणि मामी ओट्यावरून अलगद सीटवर उतरल्या. "चलो," त्या म्हणाल्या. घाटावर त्या घसरत उतरल्याही. पण तिथे ओटा कुठला? परत चढता येईना. मामी ऑटोने घरी आल्या, आणि मामा ऑटोच्या बाजूबाजूने गाडी चालवत, आतून येणारं बोलणं ऐकत आले.

तेव्हापासून मामी घरून बसल्या की घरीच उतरतात. मधे कुठेही नाही. चहावाला गाडीपाशी चहा आणून देतो. लोक रस्त्यावर येऊन पाया पडतात. संक्रांतीला माझ्या बायकोने त्यांना हळदीकुंकू आणि वाण आमच्या दारात, गाडीवरच दिलं. मामा पुढे तोंड करून, हँडल धरून, पुतळ्यासारखे बसले होते. मी हसून हसून बेजार झालो.

मागच्या रविवारी आम्हीही ग्वारीघाटला गेलो होतो. गर्दीच्या कडेला, नदीकडे तोंड करून ती निळी गाडी उभी होती आणि दोघं तिच्यावर बसलेली. स्टँडवर लावली की गाडी कलते आणि मामींना घसरल्यासारखं होतं, म्हणून मामा दोन्ही पाय जमिनीला रोवून सगळा भार स्वतः तोलून धरतात, आरती संपेपर्यंत. हे मला ठाऊक नव्हतं. जवळ गेलो तर पँटच्या आत त्यांचे पाय थरथरत होते.

"मामा, मी धरतो. तुम्ही जरा पाय मोकळे करा."

"काहून? मी थकलो का?"

आरतीचे दिवे नुकते पेटत होते. मामी मागून वाकून म्हणाल्या, "अहो, चला ना घरी. मला डास चावून राहिले. आरती काय, दर रविवारचीच आहे."

"चुपचाप बस. होऊ दे आरती."

घंटा सुरू झाल्या. सगळ्या घाटाने हात जोडले, मामींनी नाही. त्यांचे दोन्ही हात मामांच्या खांद्यांवर होते. मी काही न विचारता पुढे झालो आणि हँडलचं एक टोक धरलं. वाटलं, आता खेकसतील. मामांनी समोरच्या पाण्यावरची नजर काढली नाही.

"घट्ट धरा, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "ती पडायला नको."