भाऊरावांचं कासव

भाऊराव माणूस सरळ, पण शब्द देण्यात भारी उदार. घाटकोपरच्या टेकडीवरच्या दहा बाय दहाच्या खोलीत बसून ते लेकीला, शकुला, सांगायचे, "चर्नी रोडच्या मत्स्यालयात कासव आहे, बरं का! एवढं!" आणि दोन्ही हात पसरायचे. स्वतः पाहिलं होतं म्हणाल, तर छे! पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात ते कामाला होते. तिथल्या धोंडिरामने जेवणाच्या सुट्टीत सांगितलेलं, ते यांनी घरी आणून वाढवलेलं.

एक्क्याऐंशी साली एकदाचा मुहूर्त लागला. शकु आठ वर्षांची, धाकटा सिद्धू कडेवर. कारखान्याची सुट्टी सोमवारची, म्हणून सोमवारीच निघाले. शकुला नवा फ्रॉक, डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी. पोचले, तर दाराला कुलूप. मत्स्यालयही सोमवारीच बंद! आता बोला. शकुने फटीला डोळा लावून पाहिला, काही दिसेना. रडली नाही पोरगी. समोर समुद्राच्या कठड्यावर बसून सगळ्यांनी डबा खाल्ला आणि आले परत. "पुढच्या वेळी रविवारी येऊ, नक्की," भाऊराव म्हणाले.

पण रविवारी यायचं म्हणजे कामावर खाडा. आणि खाडा म्हटलं की भाऊराव कानांवर हात ठेवायचे. वर्षभर एकही खाडा न करणाऱ्याला कारखान्यात भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळायचं, सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवून. भाऊरावांनी ओळीने तीन पटकावली. एवढ्याशा खोलीत तीन घड्याळं कशाला हवीत, असं त्यांच्या बायकोने, सुंदराबाईंनी, एकदा विचारून पाहिलं. "तुला काय कळतंय त्यातलं!" संपला विषय. दर दिवाळीला शकुला मात्र शब्द मिळायचा, यंदा नक्की. तीही मान डोलवायची.

सत्याऐंशीत कारखानाच बंद पडला. तिन्ही घड्याळं भिंतीवर टिकटिकत होती आणि जायला कुठे जागा नव्हती. दोन महिने भाऊरावांनी खोलीत नुसत्या येरझारा घातल्या. मग एका रविवारी सकाळी एकदम म्हणाले, "चला रे, कासव बघायला!" शकु आता चौदाची. तिने एकदा आईकडे पाहिलं, आणि चप्पल घातली.

आत थंडगार अंधार, काचेच्या टाक्यांतून हिरवट उजेड. भाऊराव पोरांपेक्षा पोर झाले. "शकु, हा बघ पट्ट्यापट्ट्यांचा! अगं, हा बघ, फुगलाय कसा!" शकु प्रत्येक टाकीपाशी "अय्या!" म्हणत होती. सिद्धूने मात्र एकच धोशा लावला होता, कासव कुठंय, कासव कुठंय. भाऊराव चष्मा पुसून पाट्या वाचायला लागले.

"अरे, इकडे नाही. पुढे वळलास ना, की खांबामागे," शकु त्याला म्हणाली. आणि तिने जीभ चावली.

पुढे वळून, खांबामागे, कासव होतंच. फार मोठं नव्हतं. घरच्या परातीएवढं असेल.

"तुला गं कसं ठाऊक?" भाऊरावांनी विचारलं.

शकु अंगठ्याने फरशी खरडत राहिली. "शाळेची सहल आली होती, नाना. चौथीत असताना. आईनं सही केली."

"पाच वर्षं झाली की! आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही नेणार होता ना," ती म्हणाली. "मग कसं सांगू?"

सिद्धू काचेला नाक लावून ओरडत होता, "नाना, बघा ना, पोहतंय!" भाऊराव बघत होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. चुकलंच आपलं, साफ चुकलं. एक रविवार, फक्त एक! कारखान्याचं काय बिघडणार होतं?

आणि मग त्यांना ती चौथीतली संध्याकाळ आठवली. शकु शाळेतून उशिरा आलेली, पाय धुळीने भरलेले. ते जेवायला बसले होते. ती त्यांच्या ताटाजवळ येऊन बसली आणि तिने विचारलं, "नाना, कासव केवढं असतं हो?"

यांनी हातातला घास खाली ठेवून दोन्ही हात पसरले होते. "एवढं!"

"बापरे!" पोरगी डोळे मोठे करून म्हणाली होती.