शुक्रवारचा पिक्चर, शनिवारचा डबा

आमच्या कंपनीतलं स्क्रॅप दर बुधवारी टेम्पोत भरून जातं. किस्से मात्र कोणी उचलायला येत नाही, त्यामुळे ते साठत राहिलेत. आज थोडे मीच उचलते.

कंपनी म्हणजे अंबरनाथ एमआयडीसीतलं व्हॉल्व्हचं छोटं युनिट. मी तिथे क्वालिटीला, म्हणजे तयार माल तपासायला. आमची सुट्टी शुक्रवारी असते आणि नवा पिक्चरही शुक्रवारीच लागतो. आम्ही चौघं बदलापूरला दुपारचा शो टाकतो आणि शनिवारी कॅन्टीनमध्ये डबे उघडेपर्यंत आमची मतं तयार असतात. बाकीची दुनिया रविवारी पिक्चर बघते, तोवर आमच्याकडे तो विषय शिळा झालेला असतो!

*

आधी आमचे क्वालिटीचे हेड, गायकवाड साहेब. त्यांच्या टेबलावर तीन शिक्के आहेत: पास, रीवर्क आणि रिजेक्ट. पिक्चरलाही ते हेच लावतात.

"हिरो तिसऱ्या मजल्यावरून पडतो आणि शर्टाची इस्त्री मोडत नाही. रिजेक्ट!"

इतक्या वर्षांत एकही पिक्चर त्यांनी पास केलेला नाही. फारच आवडला तर रीवर्क. एकदा ते म्हणाले, काल घरी आमच्या लग्नाचा व्हिडिओ लावला होता. मी विचारलं, "मग, पास?"

"छे. लायटिंग बेकार, मंगलाष्टकं सुरात नाहीत. रीवर्क."

"आणि नवरी?"

साहेबांनी भाजीत पोळी बुडवली. "त्या खात्यात इन्स्पेक्टर ती आहे. मी नाही."

*

लछूभाई डिस्पॅचला. राहायला उल्हासनगरला, मोठ्या भावाचं फर्निचरचं दुकान. त्यामुळे पडद्यावर हिरोईन रडत असली तरी लछूभाईंचं लक्ष ती कशावर बसून रडतेय याकडे.

एका पिक्चरला अख्खं थिएटर नाकं ओढत होतं. मीही रुमाल काढला होता. लछूभाई माझ्या कानाशी आले. "ताई, सोफा देखा? रेक्झिन! बाप करोडपती दिखाया और घर में रेक्झिन? स्टोरी में दमच नाही."

माझं रडू जे आटलं ते आटलंच.

पण हसू नका. एकदा खुनाचा पिक्चर होता. खुनी कोण, आत कसा शिरला, कुणाला पत्ता नाही. विसाव्या मिनिटाला लछूभाई मोठ्यांदा म्हणाले, "कपाट दीवार से छह इंच बाहर क्यों रखा है? पीछे दरवाजा है!"

होता ना दरवाजा! पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून हात जोडले. "भाईसाब, आता खुनीपण सांगून टाका, म्हणजे घरी जातो."

*

आता मी सगळ्यांना नावं ठेवते, तर माझाही एक सांगते. एका शुक्रवारी इंटर्व्हलला समोसे आणायला गेले. रांग मोठी होती, परत येईपर्यंत आत अंधार. बसले मिळाली त्या खुर्चीत. शनिवारी डबा उघडल्या उघडल्या मीच सुरुवात केली, "फर्स्ट हाफ ढिला होता, पण सेकंड हाफला काय वळण घेतलंय! जुनी माणसं गायब, सगळी नवीनच!"

तिघंही जेवायचे थांबले. मी शेजारच्या स्क्रीनला बसले होते.

"मटेरियल मिक्स!" गायकवाड साहेब कडाडले. एका मालात दुसरा मिसळणं; आमच्याकडे याहून मोठा गुन्हा नाही. त्यांनी कंपनीच्या छापील फॉर्मवर माझ्याकडून लिहून घेतलं: 'यापुढे समोसा जागेवर मागवणे.'

*

चौथे म्हात्रे काका. लेथवरचे टर्नर, जवळच्याच जांभूळ गावचे. पंचवीस वर्षं मशीनच्या आवाजात काढली, त्यामुळे थिएटरचा आवाज म्हणजे त्यांना अंगाई. दिवे गेले की पाचव्या मिनिटाला काका घोरायला लागतात. तरी शनिवारी मत देतातच.

"मस्त पिच्चर! येकदा पन जाग नाय आली."

किंवा, "भंगार. चार वेला उठवला मना."

गंमत म्हणजे त्यांचं मत सहसा बरोबर निघतं.

झोप अशी, की फर्स्ट शिफ्टला घरी तीन गजर होतात आणि ते काकांना सोडून सगळ्या आळीला ऐकू येतात. उठवते त्यांची मुलगी रेश्मा, रोज पहाटे पाचला.

*

हीच रेश्मा कॉलेजात नाटकं करायची. गेल्या वर्षी तिला एका मराठी पिक्चरमध्ये काम मिळालं. कसलं, ते घरीही सांगेना. काकांना एवढंच म्हणाली, "एकच सीन आहे, बाबा. सेकंड हाफला. तेवढा जागे राहून बघा."

काका आठवडाभर धास्तावलेले. "पोरीचा सीन चुकला तं तिला तोंड कसा दाखवू?"

आम्ही कामं वाटून घेतली. काकांना त्या दिवशी भात बंद. थिएटरबाहेर दोन कडक चहा. डावीकडून लछूभाई चिमटे काढणार, मी मागून पाठीत बोट खुपसणार. उजवीकडे खुद्द रेश्मा.

इंटर्व्हलपर्यंत काका टक्क जागे! आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अर्धा पिक्चर पाहिला. बाहेर येऊन म्हणाले, "यात माणसा लय बोलतान रं."

इंटर्व्हलनंतर एक संथ गाणं लागलं आणि काकांची मान कलली. लछूभाईंनी चिमटा काढला. मी बोट खुपसलं. माझ्या शेजारून गायकवाड साहेबांनी त्यांच्या मानेवर गार पाण्याचा हात लावला. काही उपयोग नाही. रेश्माने एकदा वडिलांकडे पाहिलं, मग सरळ पडद्याकडे बघत बसली.

आणि तिचा सीन आला. हॉस्पिटल. पिक्चरमधला म्हातारा बाप खाटेवर, नुकताच गेलेला. रेश्मा धावत आत येते, खाटेशी बसते, त्याचा खांदा हलवते. थिएटरमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

"बाबा, उठा."

काका ताडकन उभे राहिले.

"उठलू गो! पानी ठेव!"

थिएटर फुटलं हसून. शिट्ट्या वाजल्या. शेजारी रेश्मा ओढणी तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पडद्यावरची रेश्मा मात्र अजून खांदा हलवत होती. "बाबा, उठा ना."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. आणि उभ्या उभ्याच, चिडून विचारलं,

"मंग यो का नाय उठत?"