राणीला आणायला केशोरीला

पुण्याहून गोंदियाच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या सामानात लॅपटॉप होता आणि डोक्यात एक न मिटलेलं भांडण. भांडण एका डायनोसॉरवरून झालेलं होतं. पंचावन्न वर्षांच्या दातांच्या डॉक्टरणीनं हे वाक्य लिहिणं बरं दिसत नाही, पण खरं ते खरं.

मुलगा कॅनडाला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर माझ्याकडे राहिला. त्यावर त्याचा एक खेळ होता. त्यात जंगलात उघडंबोडकं उतरायचं, झोपडी बांधायची, डायनोसॉर माणसाळवायचे आणि जमेल तेवढं जगायचं. मी सहज म्हणून सुरू केला आणि अडकले. तिथेच प्रणाली भेटली. ती गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीत ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. तिचा नवरा मनोज धानाची शेती करतो आणि शेतातून मोकळा झाला की आमच्याबरोबर खेळतो. वर्षभर कानाला हेडफोन लावून आम्ही तिघं शिकार करत होतो. एकमेकांचं तोंड मात्र पाहिलेलं नव्हतं.

आमची वाहनं म्हणजे माणसाएवढे, दोन पायांवर धावणारे शिकारी डायनोसॉर. एकटा असला तर त्याला कुणी विचारत नाही. एकाच जातीचे तिघं जवळ आले की मात्र झुंड होते, सगळ्यांत ताकदवान तो म्होरक्या ठरतो आणि सगळ्यांचे दात दुप्पट खोल जातात. एखादा लांब गेला आणि तिघांचे दोन उरले, की झुंड मोडली. समोरून भिडायचं नाही. एकानं तोंडापुढून पळत राहायचं, बाकीच्यांनी बगलेला चावून मागे सरायचं. शिकार जितकी पळेल तितकं तिचं रक्त जातं, म्हणून तिला पळवायची. दातांशी संबंध असल्यामुळे हे मला लवकर समजलं, असं मी प्रणालीला सांगायचे. ती हसायची.

आमची म्होरक्या राणी. प्रणालीनं तिला अंड्यातून वाढवलेलं. दलदलीच्या घळीत एक अवाढव्य मांसभक्षक राहत होता. मनोजनं त्याचं नाव रोडरोलर ठेवलं होतं. त्याला घेरायचं ठरलं. प्रणालीनं राणीवर बसून घळीच्या पलीकडच्या तोंडाशी पोचायचं आणि मग आम्ही दोघांनी अलीकडून उडी घ्यायची. एरवी ती माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलते, पण त्या दिवशी घाईत म्हणाली, "मी जाऊन राहिली!"

मला वाटलं, जाऊन थांबली आहे. मी उडी घेतली, माझ्या मागून मनोजनं घेतली. राणी तेव्हा टेकडीपलीकडेच होती. दोघांची झुंड होत नाही. रोडरोलरनं माझी दाढ (हे माझ्या वाहनाचं नाव) आणि मनोजचा हिरो आधी खाल्ला, मग धावत आलेल्या प्रणालीला खाली पाडलं. आम्ही तिघं मरून झोपडीत पुन्हा जिवंत झालो. जखमी राणी मात्र घळीतल्या कड्यावर चढली आणि तिथेच अडकली. खाली रोडरोलर फेऱ्या मारत होता. तिच्या पोटात आठवडाभर पुरेल एवढंच मांस होतं. ते संपलं की ती उपाशी मरणार आणि खेळात मेलेलं जनावर परत येत नाही.

"तू पोचलीस म्हणालीस," मी म्हटलं.

"मी कधी म्हणलं जी?" ती कडाडली. "तुमाले सांगून काई समजत नाई. समोर या, मंग सांगतो."

त्यानंतर तिनं हेडफोन लावलाच नाही. मी तिच्या बोलण्याचा सोयीचा अर्थ घेतला आणि तिकीट काढलं.

गोंदियाला उतरून सरळ बाहेर आले. एक रिक्षावाला पुढे झाला. "मॅडम, किधर? फुलचूर?"

"अर्जुनी मोरगाव," मी मराठीत म्हटलं.

"उसकी गाडी तो अंदर से ही है. बाहर कायको निकले?" असं म्हणून त्यानं माझी बॅग पुन्हा आत वळवून दिली. मी मराठीतून आभार मानले, त्यानं हिंदीतून स्वीकारले.

अर्जुनीपर्यंतच्या पॅसेंजर गाडीत खिडकी मिळाली. धान कापून झालेलं होतं. बांध्यांत (धानाच्या खाचरांत) लाखोरी या कडधान्याला निळी फुलं आली होती आणि मधूनच एखादी बोडी (छोटं तळं) चमकून जायची. जंगल हळूहळू रुळांच्या जवळ सरकत होतं. एखादा रोडरोलर झाडीतून डोकं काढेल म्हणून मी बराच वेळ बघत होते, हेही कबूल करते.

अर्जुनीला उतरून मनोजला फोन लावला. "येऊन राहिलो जी," तो म्हणाला.

आला आहे म्हटल्यावर मी शोधायला लागले. तिकीटखिडकीपाशी पाहिलं, चहाच्या टपरीवर पाहिलं, बाकावर डुलक्या घेणाऱ्या एका गृहस्थांना "मनोज का?" म्हणून उठवलं. त्यांनी नाही म्हणून पुन्हा डोळे मिटले. मी प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांना जाऊन आले. चहा गार झाला, दुसरा घेतला, तोही संपला, तेव्हा मोटरसायकलवरून धुळीनं माखलेला एक हसरा माणूस उतरला.

"अहो, तुम्ही केव्हाच आला होतात ना?"

"नाई जी. म्हटलं ना तुमाले, येऊन राहिलो म्हणून. रस्त्यात होतो."

मी तिथेच उभी राहिले. येऊन राहिलो म्हणजे येतो आहे. जाऊन राहिली म्हणजे जाते आहे. दाढ आणि हिरो या एका क्रियापदापायी गेले होते आणि राणी अडकली होती. मी मोठ्यानं हसले. बाकावरच्या गृहस्थांनी पुन्हा एक डोळा उघडला.

केशोरीत प्रणाली दारातच उभी होती. वाटलं होतं त्यापेक्षा बुटकी आणि वाटलं होतं तेवढीच रागावलेली. मी चप्पल काढायच्या आधीच म्हटलं, "तू जात होतीस. मला आत्ता स्टेशनवर कळलं."

तिनं माझ्या हातातली बॅग घेतली. "एवढ्या लांब यायले लागलं तुमाले मराठी शिकाले?" म्हणाली आणि हसत सुटली. मला फार बरं वाटलं. वीसेक तासांच्या प्रवासाचा शीण त्या हसण्यानं उतरला.

तिच्या सासूबाईंनी "जय भीम" म्हणत पाण्याचा तांब्या दिला आणि सांगितलं, "आज पोपटाची भाजी हाये." मी घाबरून प्रणालीकडे पाहिलं. पोपट म्हणजे वालासारख्या शेंगा, हे पानात पडल्यावर समजलं. गरम भात, ती भाजी आणि वर लसणाची फोडणी. दोनदा मागून घेतली.

"पोरगा कुठं हाये तुमचा?" सासूबाईंनी विचारलं.

"कॅनडाला जाऊन राहिला."

त्यांचा हात डाळीच्या पळीवर थांबला. "मंग अजून पोचला नाई का जी? इमानात हाये?"

सगळे हसले, मीही हसले. तो जाऊन चार वर्षं झाली होती.

रविवार असल्यामुळे केंद्र बंद होतं. जेवण झाल्यावर आम्ही तिघं तिथे शेजारीशेजारी बसलो, मधे मनोज. मनोजनं आठवडाभर जपलेली तीन पिल्लं आता जेमतेम स्वारीजोगी झाली होती. राणी अजून कड्यावर होती. तिचं मांस जवळजवळ संपलेलं. बेत तोच होता, फक्त या वेळी लांबून फेरी घालून मी पलीकडे जाणार होते.

नवी दाढ पळवता पळवता मला अर्जुनीचं शहाणपण आठवलं. ऐटीत म्हटलं, "मी जाऊन राहिले!"

प्रणालीनं क्षणात उडी घेतली. तिच्या मागून मनोजनं.

"अगं थांब! मी जाते आहे!"

"काऊन? तुमी त पुण्याच्या ना! मी पुण्याचं समजली!"

आम्ही दोघी स्क्रीन सोडून एकमेकींकडे बघत होतो. मधे मनोज "रोडरोलर! रोडरोलर!" ओरडत होता. पुन्हा दोघंच खाली आणि मी टेकडीपलीकडे. सगळं तसंच चाललं होतं. आता राणीही जाणार होती.

तेवढ्यात झुंड जमल्यावरच दिसणारी लाल रेघ स्क्रीनवर चमकली. झुंड झाली होती. आम्हाला क्षणभर कळेचना कशी. मग प्रणाली किंचाळली, "राणी! राणी मोजल्या जाऊन राहिली!" कडा त्यांच्या अगदी डोक्यावर होता. वाचवायला आलो तिलाच आम्ही मोजायला विसरलो होतो. कड्यावरून, अर्ध्या जिवानिशी, ती म्होरक्या झाली होती.

मग दातांनी काम केलं. मनोज तोंडापुढून पळाला, प्रणाली बगलेला लागली, मी धापा टाकत पोचले आणि दुसरी बगल धरली. रोडरोलर पळत सुटला आणि जितका पळाला तितका रक्तानं रिकामा झाला. प्रणालीनं शीळ घातली. राणी कड्यावरून खाली उतरली आणि तिच्यापाशी येऊन उभी राहिली. प्रणाली डोळे पुसत होती. डायनोसॉरसाठी मीही पुसले.

दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकलवर मनोजच्या मागे बसत असताना सासूबाईंनी पिशवीत पोपटाच्या शेंगा कोंबल्या. "जाऊन राहिल्या का जी?"

"हो, जाऊन राहिले," मी म्हटलं. या वेळी दोन्ही मराठींत ते बरोबर वाटलं: निघालेही होते आणि केशोरीला जाऊन राहिलेही होते.

परतीच्या गाडीत मुलाचा फोन आला. "आई, कुठे आहेस?"

"घरी येऊन राहिले."

"पोचलीस पण?"

"नाही रे. येते आहे." मग त्याला सगळं सांगितलं, सासूबाईंचा विमानाचा प्रश्नसुद्धा. तो खूप हसला. मग विमानाचा प्रश्न त्यानं पुन्हा एकदा सांगायला लावला.

"आई," तो म्हणाला, "मीपण येऊन राहिलो."

"कुठल्या मराठीत?"

"सध्या केशोरीच्या."

मी बरं म्हटलं. त्या मराठीतल्या माणसाची वाट कशी पाहायची, ते मी अर्जुनीच्या स्टेशनवर शिकले होते. माणूस उशिरा येतो, पण येतो.